मूल हवं की नको, हेच ठरत नसेल तेव्हा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुमचं वय ३४, नवऱ्याचं ३७, लग्नाला सहा वर्षं झाली. मूल नकोच असं तुम्हाला कधी वाटलं नाही, पण हवंच अशी ओढही लागली नाही. मैत्रिणी सांगतात, ‘वेळ आली की आतून कळतं.’ तुम्हाला काही कळत नाही. नवरा म्हणतो, ‘तू म्हणशील तसं.’ सासूबाई फोनवर आडून आडून विचारतात. आणि खरी भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे: काहीही ठरवलं आणि ते चुकलं, तर परत फिरता येणार नाही.

‘आतून कळतं’ इथूनच सुरुवात करू, कारण या वाक्याने बऱ्याच जणींचं नुकसान केलंय. काही माणसांना लहानपणापासून माहीत असतं की आपल्याला मुलं हवीत. काहींना तितक्याच ठामपणे माहीत असतं की नकोत. या दोघांना समुपदेशकाकडे यावं लागत नाही. मधे एक मोठा गट उरतो, ज्याला आतून कधीच स्पष्ट काही ऐकू येत नाही, आणि तुम्ही बहुधा त्यातल्या आहात. यात बिघडलेलं काही नाही. ओढ नाही म्हणजे मनातून नकोच असणार, असा अर्थ लावू नका. विरोध नाही म्हणजे हवंच असणार, असाही लावू नका. फारशी ओढ नसताना पूर्ण विचार करून मूल होऊ दिलेली जोडपी पुढे मनापासून रमलेली मी बघते, आणि याच अवस्थेतून ‘नको’ ठरवून समाधानाने राहणारीही बघते. धोका मला दिसतो तो वाट बघत बसण्यात. वाट बघता बघता वय परस्पर निर्णय घेऊन टाकतं, आणि मग तो आपण घेतलाच नाही ही बोच राहते.

तुमची तब्येत, पैशाची बाजू, मदतीला किती माणसं आहेत, नोकरीत रजा कितपत मिळते, नवरा घरात प्रत्यक्ष किती करतो, हे मला ठाऊक नाही. यातली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलू शकतं. म्हणून हो म्हणा किंवा नको म्हणा असं मी सांगणार नाही. विचार कसा करायचा, त्यात कुठे फसायला होतं आणि हातात वेळ किती आहे, हे मात्र सांगता येईल.

‘मला ठरवता येत नाही’ या वाक्याच्या पोटात बहुतेक वेळा चार गोष्टींचा गुंता असतो: इच्छा, भीती, परिस्थिती आणि दुसऱ्यांचे आवाज. डोक्यातल्या डोक्यात तो सुटत नाही, कारण तिथे चारही एकदम बोलतात. म्हणून पंधरा दिवस चिठ्ठ्या लिहा. मुलाबद्दल जो विचार येईल तो जसा आला तसा, एका चिठ्ठीवर एकच. वाद घालायचा नाही, सुधारायचा नाही, नवऱ्याला दाखवायचा नाही. पंधरा दिवसांनी चार ढीग करा. ‘बाळंतपणात माझं काही बरंवाईट झालं तर?’ ही भीती. ‘सध्याच्या घरात जागा नाही’ ही परिस्थिती. ‘म्हातारपणी बघणार कोण?’ हे बहुधा दुसऱ्या कुणाचं वाक्य, तुमच्या आवाजात. ‘रविवारची सकाळ माझी राहणार नाही’ ही चिठ्ठी बऱ्याच जणी लाजून फाडून टाकतात, स्वार्थीपणा वाटतो म्हणून. ती फाडू नका, इच्छेच्या ढिगात ठेवा. तुम्हाला कसं जगायला आवडतं हे ती सांगते, आणि या निर्णयात त्या माहितीला किंमत आहे.

मग भीतीची आणि परिस्थितीची एकेक चिठ्ठी हातात घेऊन स्वतःला विचारा: ही अडचण उद्या सकाळी सुटली असं धरलं तर? मोठं घर मिळालं, रजा मंजूर झाली, डॉक्टर म्हणाले काळजी नको. हे ऐकून मन पुढे सरकलं, नावं सुचायला लागली, तर ती खरोखरच अडचण होती आणि तिच्यावर काम करायला हवं. पण एक अडचण मिटल्याबरोबर मनाने तत्परतेने दुसरी पुढे केली, तिच्यामागे तिसरी, तर कारणं हवी तेवढी मिळत राहतील. त्यांच्यामागे ‘मला नकोय’ उभं आहे का, ते शांतपणे बघा. हा सराव बिघडतो तो दोन कारणांनी. एक, लोक तो एका रात्रीत उरकतात, आणि त्या रात्रीचा मूडच तेवढा कागदावर उतरतो. दुसरं, जे वाटायला हवं ते लिहितात आणि जे वाटतं ते गाळतात.

भीतीच्या ढिगातल्या काही चिठ्ठ्यांची उत्तरं विचार करून मिळत नाहीत, जाणकाराला विचारूनच मिळतात. बाळंतपणाची इतकी तीव्र भीती की त्यापायी गर्भधारणाच टाळली जाते, तिला टोकोफोबिया म्हणतात, आणि तिच्यावर मानसोपचार होऊ शकतात. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर प्रसूतीनंतर ते परत येण्याची शक्यता वाढते. बाळंतपणानंतरचं नैराश्य तसंही साधारण सातातल्या एका आईला येतं. ते ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली आहे, ती भरायला पाच मिनिटं लागतात. आधीच सांगून ठेवलं तर डॉक्टर गरोदरपणापासून लक्ष ठेवतात. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची धास्ती असेल तर दोघांची रक्ततपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून त्या आजाराचं जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक असेल तर बाळाला गंभीर थॅलेसेमिया होत नाही. वर्षानुवर्षं मनात घोळणारी भीती अशा एका रिपोर्टने निकालात निघू शकते. ‘मी माझ्या आईसारखी वागले तर?’ ही भीती वेगळी. तिला वेळ द्यावा लागतो, पण ज्यांना ती वाटते ते निदान सावध तरी असतात.

आता नवऱ्याचं वाक्य. ‘तू म्हणशील तसं’ ऐकायला समजूतदार वाटतं, आणि बहुतेक नवरे ते प्रेमानेच म्हणतात. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. निर्णयाचं सगळं ओझं तुमच्या एकटीवर येतं. मूल झालं आणि जड गेलं तर ‘तुलाच हवं होतं’, नाही झालं आणि खंत वाटली तर ‘तूच नको म्हणालीस’. तो असं कधी म्हणणार नाही कदाचित, तरी तुमच्या मनात ते असणारच. शिवाय या वाक्याने त्याचं स्वतःचं उत्तर त्यालाही कळत नाही. म्हणून ‘तुला काय वाटतं?’ असं मोघम विचारू नका, उत्तर तेच येईल. असे प्रश्न विचारा ज्यांना ‘तू म्हणशील तसं’ हे उत्तर बसतच नाही. समजा मी ठाम नको म्हटलं, तर पहिल्या क्षणी तुला हलकं वाटेल की पोटात खड्डा पडेल? समजा मी उद्यापासूनच प्रयत्न करू म्हटलं, तर? तुझ्या वडिलांचं काय तुला तुझ्या मुलाला द्यायचंय आणि काय अजिबात द्यायचं नाही? मूल आजारी पडलं आणि त्या दिवशी दोघांचीही महत्त्वाची मीटिंग असेल, तर घरी कोण थांबणार?

हे बोलणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाऊण तास करा आणि बाकीचे दिवस विषय बंद ठेवा. रात्री झोपताना, भांडणानंतर किंवा सासूबाईंचा फोन ठेवल्या ठेवल्या हा विषय काढू नका. एक जण बोलेल तेव्हा दुसऱ्याने पंधरा मिनिटं फक्त ऐकायचं, मधे खोडायचं नाही. मग पाळी बदलायची, आणि उरलेली पंधरा मिनिटं दोघांची. असं करायचं कारण असं की सतत चघळला गेलेला विषय माणसाला थकवतो, आणि थकलेलं माणूस विषय संपवण्यासाठी काहीही ठरवून मोकळं होतं.

एक संध्याकाळ कागदावर चोवीस तासांचा तक्ता आखायला द्या. सहा आठवड्यांच्या बाळाचा एक दिवस. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळेला वीस ते चाळीस मिनिटं धरा, मग ढेकर काढणं, कपडे बदलणं, परत झोपवणं. म्हणजे रात्री अकरा, दीड, चार, साडेसहा असे रकाने भरतात. प्रत्येक रकान्यात नाव लिहायचं, आणि ‘आपण दोघं’ असं लिहायला बंदी. अंगावर पाजणं तुमच्याकडे गेलं तर ढेकर, लंगोट आणि झोपवणं कुणाकडे? दुपारचा स्वयंपाक? तुमची सलग चार तासांची झोप कुठल्या रकान्यात बसते? दुसऱ्या कागदावर पाच वर्षांच्या मुलाचा कामाचा दिवस मांडा, तिसऱ्यावर चौदा वर्षांच्या मुलाचा. पुष्कळ जणांच्या कल्पनेत फक्त बाळ असतं, पण बाळपण दोन वर्षांत संपतं. तुम्हाला बाळांचं विशेष काही वाटत नसेल, पण आठ वर्षांच्या मुलाशी गप्पा मारताना मजा येत असेल, तर ती या निर्णयासाठी जास्त महत्त्वाची खूण आहे.

तक्ता भरताना जे घडतं ते नीट बघा. नवऱ्याने आपणहून दीडच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, की पेन तुमच्याकडे सरकवलं? रकाने भरून तुम्हाला वाटलं ‘अवघड आहे, पण जमेल’, की छाती दडपली? ‘मला मूल नको’ म्हणणाऱ्या काही बायकांचं खरं म्हणणं ‘मला एकटीला मूल नको’ असं असतं, आणि ते याच कागदावर उघडं पडतं. तसं असेल तर आधी घरकामाची आजची वाटणी बदला आणि निदान तीन महिने ती टिकते का बघा. मूल झाल्यावर नवरा आपोआप बदलेल या भरवशावर काही ठरवू नका. कामाची वाटणी बाळंतपणानंतर असते त्यापेक्षा जास्त एकतर्फी होण्याकडेच कल असतो.

नात्यातल्या किंवा मैत्रिणीच्या मुलाला दोन दिवस सांभाळून बघा असं लोक सुचवतात. जरूर बघा, पण त्यातून कष्टांचा अंदाज येतो, जिव्हाळ्याचा येत नाही. दुसऱ्याच्या मुलाचा कंटाळा आला म्हणजे स्वतःच्याचा येईलच असं नाही, आणि दोन दिवस मजा आली म्हणजे वीस वर्षं येईल असंही नाही.

माझ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला सराव चार आठवड्यांचा आहे. पहिले दोन आठवडे ‘आपण मूल होऊ द्यायचं ठरवलंय’ असं मनाशी धरून जगायचं. गर्भनिरोधन चालूच ठेवायचं, कुणाला काही सांगायचं नाही. खर्च करताना, सुट्टीचा बेत आखताना, नोकरीचा विचार करताना तो निर्णय झालेला आहे असं समजायचं. रोज रात्री दोनच ओळी: सकाळी आठवण झाली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं, आणि दिवसात कशाचं वाईट वाटलं. पुढचे दोन आठवडे तसंच, ‘नाही होऊ द्यायचं’ हे धरून. पाळीच्या आधी मन खाली जात असेल तर त्या तारखांवर खूण करा, म्हणजे त्या दिवसांच्या ओळींना अवास्तव महत्त्व दिलं जाणार नाही. आणि प्रत्येक पंधरवड्यातले पहिले तीन-चार दिवस सोडून द्या. त्या दिवसांत जे हलकं वाटतं ते बहुतेकदा काहीतरी ठरल्याचं असतं, काय ठरलं याचं नसतं. दोन्ही निर्णयांनंतर सारखंच हलकं वाटलं तर समजायचं की त्रास अनिश्चिततेचा होता, आणि तुम्ही दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी जगू शकाल. ही वाईट बातमी नाही. दुसऱ्या आठवड्यात जे उरतं त्याकडे लक्ष द्या: रुखरुख, हुरहुर, चिडचिड किंवा स्वस्थपणा.

पश्चात्तापाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘मूल नाही झालं तर पुढे पस्तावशील’ हे सगळे सांगतात, पण मूल झाल्याचाही पश्चात्ताप होतो हे फार थोडे उच्चारतात. इस्रायलमध्ये आई झाल्याचा पश्चात्ताप करणाऱ्या २३ आयांच्या मुलाखतींवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बायका मुलांवर प्रेम आहे म्हणत होत्या, आणि तरी हे आयुष्य परत निवडणार नाही असंही. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या प्रौढांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मूल नकोच असलेल्यांच्या आणि आईबापांच्या आयुष्याबद्दलच्या समाधानात फरक आढळला नाही. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आपला कालचा दिवस टप्प्याटप्प्याने कसा गेला ते नोंदवलं होतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची देखभाल आनंदाच्या क्रमवारीत बरीच खाली आली. आणि तरी आयुष्यात अर्थपूर्ण काय आहे असं विचारलं, की आईबाप मुलांचंच नाव घेतात. रोजचा आनंद आणि आयुष्याचा अर्थ या दोन गोष्टी इथे वेगळ्या चालतात, आणि तुम्हाला त्यातलं काय जास्त हवं हे कुठलीही पाहणी सांगू शकत नाही. मूल झाल्यावर माणसाच्या आवडीनिवडीच बदलतात, म्हणून आजच्या मनाने उद्याच्या मनाची खात्री देता येत नाही. शंभर टक्के खात्रीची अट काढून टाका. कुठल्या आयुष्यातल्या अडचणी मी कुरकुर न करता, निदान फार कडवटपणा न येता, सोसेन, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

वेळेचं गणित मात्र नेमकं आहे. निरोगी जोडप्यात तिशीच्या सुरुवातीपर्यंत एका पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते, चाळिशीपर्यंत ती दहात एकच्या आसपास येते. पस्तिशीनंतर उतार जाणवू लागतो आणि सदतिशीनंतर तो तीव्र होतो. आपोआप गर्भपात होण्याची शक्यता पंचविशी ते तिशीत साधारण दहात एक, चाळिशीच्या पुढे तीनात एकच्या घरात. बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याची शक्यता ३५ व्या वर्षी सुमारे साडेतीनशेत एक, ४० व्या वर्षी सुमारे शंभरात एक. पुरुषाचं वाढतं वयही मोजायचं असतं, फक्त त्याचा परिणाम हळू होतो. वयाच्या पस्तिशीआधी वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर तपासणी करतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच करतात. म्हणजे आज ३४ व्या वर्षी घाबरून ठरवायची गरज नाही, पण पाच वर्षं ‘बघू’ म्हणण्याइतका वेळही नाही. सहा महिने विचाराला द्या आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा.

एएमएच नावाची रक्ततपासणी करून ‘अजून वेळ आहे’ असा दिलासा घेऊ नका. अंडाशय बीजांडं वाढवण्याच्या इंजेक्शनांना किती प्रतिसाद देतील हे त्यातून कळतं, नैसर्गिकरीत्या गर्भ राहील का हे त्यावरून सांगता येत नाही. बीजांडं गोठवणं हा वेळ वाढवण्याचा मार्ग आहे. त्यात साधारण आठ ते चौदा दिवस इंजेक्शनं, मग गुंगी देऊन बीजांडं काढणं. पण गोठवलेलं प्रत्येक बीजांड वितळवताना टिकत नाही, टिकलेलं प्रत्येक फलित होत नाही, फलित झालेलं प्रत्येक रुजत नाही. पस्तिशीच्या आत केलं तर फायदा जास्त. मूल हवं आहे पण आज शक्य नाही, अशांना ते उपयोगी. हवं की नको हेच ठरत नसेल तर निर्णय पुढे ढकलायला एक महागडं निमित्त होतं, हे मी बघितलंय. दत्तक घेण्याचा विचार असेल तर तो स्वतंत्रपणे, मनापासून करा. ‘नाहीच जमलं तर आहेच’ असं धरू नका. तिथेही वयाच्या अटी आणि प्रतीक्षा असतात.

आणखी एक पळवाट: ‘टाळणंही नको, प्रयत्नही नको, नशिबात असेल ते होईल.’ दोघं खरोखर हो-नकोच्या मधे असतील आणि दोन्ही निकाल मान्य असतील तर ठीक. पण एकाला मनातून नको असताना हे केलं तर पाळी चुकल्यावर घरात जे होतं ते फार वाईट असतं. नशिबावर सोडणारच असाल तर फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आतापासून चालू करा. बाळाच्या मज्जारज्जूची नळी नीट बनायला ते लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. रुबेलाची (जर्मन गोवराची) लस घ्यायची असेल तर तीही आधी घ्या, आणि नंतर एक महिना गर्भ राहू देऊ नका.

सहा महिन्यांनी तुम्ही दोघं वेगवेगळ्या बाजूला उभे राहिलात तर? मूल अर्धं होत नाही, त्यामुळे इथे मधला मार्ग नसतो. माझं मत असं की एकाचा विचारपूर्वक, ठाम ‘नको’ असेल तर त्याचं वजन जास्त धरावं, कारण नको असलेल्या आईकडे किंवा बापाकडे वाढण्याची किंमत तिसरंच माणूस मोजतं. पण ज्याला मूल हवं होतं त्याचं दुःख खरं असतं, ते ‘सवय होईल’ म्हणून दाबू नये, आणि या नात्यात राहायचं का हा प्रश्न त्याला पडला तर तो विश्वासघात समजू नये. इथे मात्र जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जाच.

सासूबाईंना तोपर्यंत काय सांगायचं? कारणं देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा येतो, आणि तुम्ही पुढच्या फोनला दुसरं कारण शोधत बसता. एकच वाक्य ठरवा: ‘आम्ही दोघं यावर विचार करतोय, ठरलं की आम्हीच सांगू.’ तेच वाक्य दरवेळी, त्याच सुरात, आणि लगेच त्यांच्या तब्येतीची चौकशी. हे वाक्य तुमच्या नवऱ्याने त्याच्या आईला सांगायचं आहे, तुम्ही नाही. पुढच्या फोनच्या आधी त्याच्याशी एवढं बोलून घ्या.